हाली रुपयावरचं बोट

मी ती नोट बदलली नव्हती. धुतली होती.

एवढंसं वाक्य, पण यंदाच्या भादव्यापर्यंत मी ते कोणाजवळ बोललेलो नव्हतो. बायकोजवळ नाही, दुकानात माझ्यासोबत बसणाऱ्या धाकट्या भावाजवळ नाही, आणि जुन्या नोटा जमवणाऱ्या आमच्या मंडळींच्या बैठकीत तर नाहीच नाही. घनसावंगीच्या पलीकडच्या एका गावात कित्येक वर्षं मला ‘नोटचोर’ म्हणायचे. मी ते ऐकून घेत आलो. मुळात मी कमी बोलणारा. गप्प बसलो की लोकांना वाटतं, हा विचार करतोय. बहुतेक वेळा मी नुसता लपलेला असतो.

आता लपायचा कंटाळा आला. चोर म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण मी जे केलं त्याबद्दल म्हणा.

भादवा लागला की आमच्या जालन्यात मस्तगडच्या रस्त्याकडेला महालक्ष्म्यांचा बाजार भरतो. मुखवटे रांगेनं मांडलेले, नथी, खणाचे तुकडे, आघाड्याच्या आणि तेरड्याच्या जुड्या. आणि पत्र्याच्या कोठ्या. कोठी म्हणजे देवीचं धड. वरून साडी नेसवली की बाईसारखं दिसतं, आतून पोकळ असतं. बसवायच्या दिवशी त्यात गहू भरतात, आणि त्याला आमच्याकडं ‘पोट भरणं’ म्हणतात. यंदा दुकानाकडं जाताना मी एका कोठीपाशी थांबलो आणि कोणी बघत नाही असं पाहून आत हात घातला. गार पत्रा लागला. विकणारी बाई म्हणाली, “भाऊ, घ्यायची का नुस्ती चाचपून राह्यले?” मी हात काढून घेतला. दिवसभर फ्रेमा ठोकल्या, काचा कापल्या, पण तो गारवा बोटांतून गेला नाही.

माझं फोटो-फ्रेमचं दुकान आहे. नोटा जमवायचा नाद मला या धंद्यानंच लावला. जुनी फ्रेम उघडली की फोटोमागे काहीबाही निघतं: वर्तमानपत्राची घडी, वाळलेलं फूल, कुणाची तरी पत्रिका. एकदा एका मुनीमजींच्या फोटोमागून पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठा, जाड कागदाचा तुकडा निघाला. त्यावर राजाचं चित्र आणि किंमत एक पैसा. गुजरातेतल्या कुठल्याशा संस्थानाचा. दुसऱ्या महायुद्धात नाण्यांचा तुटवडा पडला, तांबं काडतुसांकडं गेलं, चांदी दडून बसली, आणि लोकांच्या हातात असे कागद आले. पैसा होता तो, पण फुंकर मारली तर उडाला असता. मी तो तुकडा काचेखाली ठेवला आणि अडकलो तो अडकलोच.

जमवणारे याला आणीबाणीचं चलन म्हणतात. दुकानात कोणी विचारलं आणि मी असं सांगितलं, की हमखास घोटाळा व्हायचा. “आणीबाणीत? तवा कुठं नोटा छापल्या? तवा तर नसबंदी चालू व्हती!” एक म्हातारे गिऱ्हाईक मला शपथेवर सांगायचे. मग मी सांगत बसायचो, ती वेगळी, ही त्याच्या आधीची, लढाईतली. आमच्या मुलखात तेव्हा निजामाचा रुपया चालायचा, त्याला हाली म्हणत. इंग्रजाच्या रुपयाला कलदार. हाली रुपया चांदीचा होता. लढाईत तोही कागदाचा झाला. एका एवढ्याशा नोटेवर चार-पाच भाषांची दाटी, त्यात आपली मराठीही कोपऱ्यात अंग चोरून उभी.

ती हाली नोट मला कुठं मिळत नव्हती. आणि एका उन्हाळ्यात गयाबाई माझ्या दुकानात आल्या.

सासूला जाऊन वर्ष होत आलं होतं, त्यांचा फोटो मोठा करून मढवायचा होता. गल्ल्यावरच्या काचेखाली माझे कागद मांडलेले असायचे. गयाबाईंनी त्यावर बोट टेकवलं. “असला कागद आमच्या महालक्ष्मीच्या पोटात हाय.”

“पोटात?”

“मंग! गव्हात. आत्याबाईनं घातलेला.”

आत्याबाई म्हणजे सासू. फोटोतल्या त्या बाईचे ओठ मिटलेले होते आणि नजर फोटो काढणाऱ्यावर रोखलेली. मी फ्रेमेचे पैसे घेतले नाहीत. तेव्हा मला वाटलं, मी भला माणूस आहे. आता वाटतं, तो मी त्या नोटेसाठी दिलेला विसार होता.

मी त्यांच्या गावाला गेलो. गयाबाईंनी मुखवट्यांची पेटी उघडली, सणानंतर कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवलेली नोट काढली आणि हकिकत सांगितली. सांगताना त्यांच्या आवाजात त्यांची सासू बोलत होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. नव्यानं लग्न होऊन आलेल्या त्या सासूबाई. दरवर्षी महालक्ष्मीच्या पोटात चांदीचा एक रुपया घालायची घरची रीत. एका साली मालकांनी कापूस जालन्याच्या मोंढ्यावर, अडत्यांच्या बाजारात घातला आणि हातात आले कागद. चांदीचा रुपया शोधून मिळेना. पुढच्या भादव्यात घरातले पुरुष खाली मान घालून म्हणाले, यंदा राहू द्या, देवीच्या पोटात कागद कसा घालावा. तर ही कालची पोर उभी राहून म्हणाली, “बाजारात चालतो न्हवं? मंग देवीला कामून न्हाई चालायचा? लढाई तिनं लावली का?”

बोट हळदीत बुडवलं, मग कुंकवात, आणि नोटेवर दाबलं. अर्धे गहू, त्यावर नोट, वरून अर्धे गहू.

पुढं निजामाचं राज्य गेलं, हाली बंद व्हायला आली, बदलून घ्या म्हणून दवंडी झाली. तेव्हाही ती म्हणाली, “पोटातलं काढून बाजारात नेतेत का कुठं?” दरवर्षी त्याच जागी तेच बोट. बोटावर बोट, बोटावर बोट. सासू गेल्यावर गयाबाईंनी आपलं बोट त्यावर उठवलं नाही. “शेवटचं त्यांचं ऱ्हाऊ द्या म्हणलं.”

आमच्या बैठकीत अशा नोटांना दुर्मीळ म्हणतात, वाचलेली म्हणतात. ती नोट वाचलेली नव्हती, वाचवलेली होती. ज्या कागदाकडं मोठमोठे अडते नाक मुरडून बघत होते, त्याला घुंगटातल्या एका पोरीनं चांदीच्या जागी बसवलं. कुठल्या खजिन्यानं दिली नसेल अशी हमी तिच्या बोटानं दिली. हे मला आज कळतंय. तेव्हा मला त्या नोटेवर एक डाग दिसत होता. पिवळट-तांबडा, बरोबर मधोमध.

छत्रपती संभाजीनगरला प्रदर्शन होतं. मी नोट मागितली. “बसवायच्या आधी आणून देतो, मावशी.” गयाबाई घरातल्या मोठ्या सूनबाई, महालक्ष्म्या त्यांच्याकडं बसायच्या. धाकटी जाऊ मीराबाई त्याच अंगणात पलीकडच्या खोल्यांत. तिला विचारायचं तर राहिलं. “माझ्या जिम्म्यावर न्या,” गयाबाई म्हणाल्या. कडुलिंबाच्या पाल्यासकट नोट माझ्या हातात आली. गव्हाचा, कापराचा, पाल्याचा मिळून एक वास होता. जुन्या घरात बाळंतिणीच्या खोलीला येतो तसा.

आता ते सांगतो.

दुपार होती, भाऊ जेवायला गेला होता. जुने फोटो साफ करायला वापरतो तो पांढरा ट्रे मी पाण्यानं भरला. हळदीला साबण लावला की ती लाल होते, हे कोणत्याही धुणं धुणाऱ्याला माहीत आहे. हळद जाते ती उन्हानं. म्हणून नुसतं पाणी. नोट आत सोडली. कुंकू आधी निघालं, बारीक धाग्यासारखं, आणि तळाशी जाऊन बसलं. मग ओल्या कागदावर ते बोट अचानक जास्तच स्पष्ट झालं. रेघा दिसल्या. मधला भोवरा दिसला. एका बाजूला तिरपी चीर दिसली, विळ्यानं कापल्याची असावी.

मी पाहिलं. माझा हात थांबला नाही. मऊ ब्रश फिरवत राहिलो, आणि खरं सांगायचं तर मला फार आनंद होत होता.

टीपकागदात दाबली, काचेखाली घालून गच्चीवर उन्हात ठेवली. पिवळेपणा उडत गेला. संध्याकाळपर्यंत नोट अशी झाली की जणू कोणाच्या हातात कधी गेलीच नव्हती. प्रदर्शनात लोक वाकवाकून बघत होते. आमच्या बैठकीतले एक वकीलसाहेब तेवढे भिंग लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “धुतलेली आहे हो. कोणत्या गाढवानं धुतली? होती तशी ठेवली असती तर!”

“अशीच मिळाली,” मी म्हणालो.

तर वकीलसाहेब, ते गाढव मी. तुम्ही हे वाचत असाल तर पुढच्या बैठकीत माझी खुर्ची ठेवा किंवा काढा, तुमची मर्जी. डागी नोटेला तुम्हा सगळ्यांना नाक मुरडताना मी वर्षानुवर्षं पाहिलंय. कोरी, करकरीत, घडी न पडलेली, म्हणजे कोणाच्या कामाला न आलेली नोट, ती आपल्यात सगळ्यात उंच बसते. लढाईत माणसांच्या हातात चलन नव्हतं म्हणून छापलेला कागद, आणि आपण शोधतो तो जो एकाही हातात गेला नाही. या खुळात मी तुमच्या पुढं होतो. आता मी त्यात नाही.

बसवायच्या दिवशी नोट परत द्यायला निघालो. जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाची तरी फुलांची पिशवी, दोन्ही बाजूंनी ऊस आणि कपाशी, वाळत घातलेल्या मुगाच्या शेंगांचा वास. मी खुशीत होतो. गयाबाईंना आवडेल असं मला वाटत होतं, हे कोणाला पटणार नाही. नोट अगदी नवी करून दिली होती ना मी!

घरात बायका जमल्या होत्या. कोठी अर्धी भरलेली. सगळ्या नोटेसाठी खोळंबलेल्या. गयाबाईंनी पाकीट उघडलं, सवयीनं नोट नाकाशी नेली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

“भाऊ, ही आमची न्हाई.”

“तुमचीच आहे, मावशी.”

“हिला वास कुठंय? आत्याबाईचं बोट कुठंय?”

मीराबाईंनी मान पुढं काढून बघितलं. “बदलली! म्या म्हणतच व्हते, शहरातल्या माणसाच्या हाती कामून दिली? बराबर बदलली. आपली दडवली आन् ही टेकवली.”

“बदलली नाही,” मी म्हणालो. खरंच होतं ते.

“मंग बोट कुठं गेलं?” गयाबाईंनी विचारलं. रागानं नाही. मी उत्तर देईन अशा भरवशानं त्या माझ्याकडं बघत होत्या.

मी गप्प राहिलो. शब्द तयार होता, सोपा होता, रोज धुण्याच्या दगडावर वापरला जाणारा. पण त्या क्षणी मला कळलं होतं की मी काय धुतलंय, आणि ते तोंडातून काढण्यापेक्षा चोर ठरणं मला हलकं वाटलं.

“तुमची तुम्ही न्या,” गयाबाई म्हणाल्या. “आमची आणा.” मग वळून त्यांनी उरलेले गहू कोठीत ओतायला घेतले. पत्र्यावर गव्हाचा आवाज आधी मोठा येतो, मग भरत जाईल तसा दबत जातो. तो पूर्ण दबेपर्यंत मी उंबऱ्यात उभा होतो.

पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या गयाबाईंकडं बसल्या नाहीत. त्या गावचा एक माणूस फ्रेम करायला आला होता, त्याच्याकडून कळलं. “नोट घालवली म्हणून जावेनं देव आपल्याकडं नेले. म्हातारी आता तिथं जाऊन भाज्या चिरती.” मी त्याच्या फ्रेमेचा कोन चुकवला, परत कापला.

एकदा मी दुसरी नोट मिळवलीही. हैदराबादच्या एका दुकानातून, तशीच हाली, मळकी. वाटलं, हिच्यावर हळदकुंकू लावतो, कडुलिंबात ठेवतो आणि नेऊन देतो. अंबडच्या स्टँडवर उतरलो, घनसावंगीची गाडी लागलेली होती, आणि माझ्या ध्यानात आलं की आता मात्र मी खरोखरच नोट बदलायला निघालोय. ज्यासाठी मला चोर म्हणत होते ते मी अजून केलं नव्हतं, ते करायला तिकीट काढत होतो. तिथूनच परतलो. ती नोट बैठकीत कोणाला तरी देऊन टाकली.

आणि यंदा त्या गार पत्र्यात हात गेला.

बसवायच्या दिवशी सकाळी खरी नोट, धुतलेली, खिशात घालून निघालो. गाव तेच. मीराबाईंच्या खोलीत आता फरशी होती, वर फुलोरा टांगलेला, पुरणाचा घमघमाट. गयाबाई कोपऱ्यात पाट मांडून भाजी निवडत होत्या. केस पांढरे झालेले. मला आधी मीराबाईंनी ओळखलं.

“आले बघा फोटोवाले! आता काय, मुखवटे न्यायचे का?”

बायका हसल्या. मीराबाई कोठीत गहू घालत होत्या. मी म्हणालो, “थांबा. अर्ध्यावर थांबा.” माझा आवाज मलाच मोठा वाटला. नोट काढून समोर धरली. “ही तुमचीच आहे. तेव्हाही तुमचीच होती. मी बदलली नाही. मी धुतली.”

गयाबाईंनी हातातली भेंडी ठेवली.

“धुतली म्हंजे? साबणानं?”

“नाही. पाण्यानं. मग उन्हात ठेवली.”

“उन्हात घातली म्हणा की आत्याबाईला.”

“मुद्दाम धुतली, मावशी. डाग वाटला म्हणून. गयाबाईंचा यात काही दोष नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगायला आलोय.” शेवटचं वाक्य मी इतर बायकांकडं बघून बोललो. कोणी मला जायला सांगितलं असतं तरी मी ते बोललो असतो.

भडकल्या त्या मीराबाई. “मंग तवाच कामून न्हाई बोलले? तोंडाला काय कुलूप व्हतं? माझ्या तोंडून काय काय निघालं ह्या बाईला, तुमच्यापाई! देव उचलून आणले म्या हिच्या घरातून!” त्यांचे डोळे भरले होते आणि त्या माझ्यावर ओरडत होत्या. योग्य तिथंच ओरडत होत्या.

गयाबाईंनी नोट घेतली, नाकाशी नेली. “काचेचा वास येतो.” मग बराच वेळ ती उलटीपालटी करत त्या हळू बोलल्या, “तुम्ही बदलली असती तर बरं झालं असतं, भाऊ. म्या इतके साल काय समजत व्हते, की आपली कुठंतरी हाय. शहरात, कोणाच्या तरी काचेखाली. चोरानं का व्हईना, पण जपली असंल. बोट हाय म्हणत व्हते म्या, कुठंतरी हाय.” त्यांनी नोट मांडीवर ठेवली. “धुतलेलं आता कुठं धुंडू?”

या वेळी माझं गप्प बसणं लपणं नव्हतं. मी खरं बोलून स्वतःला मोकळं करायला आलो होतो, आणि त्या बाईजवळ उरलेली एवढीशी आशा मी तिच्या हातातून काढून घेतली. तरीही मी म्हणतो, सांगायलाच हवं होतं. उशिरा आणि असं दुखवून का होईना. खोट्या आशेवर तिला ठेवायचा हक्क मला कोणी दिला नव्हता.

मीराबाईंनी कोठीवरचा हात काढला आणि बाजूला सरकल्या. गयाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या, त्या जागी जाऊन बसल्या. मीराबाईंनी हळदीकुंकवाची वाटी पुढं केली. “लावा, बाई. तुमचं लावा.”

गयाबाईंनी मान हलवली. “कशावर लावू? खाली त्यांचं असतं तर वर माझं लावलं असतं.” आणि कोरी नोट तशीच गव्हावर ठेवली. “वास यील हळूहळू. गव्हात ऱ्हायली की यील. म्या असंन नसंन.”

वरून गहू पडले. आवाज आधी मोठा, मग दबत गेला.

मला त्यांनी पाणी दिलं. उद्या जेवायला या म्हणाल्या नाहीत. मी चपला घालताना मागून मीराबाईंचा आवाज आला, “अहो नोटधुवे, छत्री राह्यली तुमची.” एक-दोन जणी हसल्या. मी परत फिरून छत्री घेतली. हे नाव मला मान्य आहे. हे माझं आहे.

नोट तिच्या जागी गेली आहे. ती माझ्या संग्रहात होती हेही आता मी कुठं सांगणार नाही. कोणी म्हणेल, झालं, फिटलं. तसं मी कोणाला म्हणू देणार नाही. गयाबाईंच्या आत्याबाईंचं एक बोट मी त्या घराचं देणं लागतो.